औषधाची चूक: दोष हाताचा की व्यवस्थेचा?

चुकीच्या इंजेक्शनामुळे रुग्ण दगावल्याची बातमी आली की पुढचा घटनाक्रम ठरलेला असतो. नातेवाईकांचा संताप, वॉर्डात गोंधळ, पोलिसांत तक्रार, चौकशी समिती आणि दोन-चार दिवसांत एखाद्या परिचारिकेचे वा शिकाऊ डॉक्टरचे निलंबन. आदेश निघाला की प्रशासनाच्या लेखी प्रकरण मिटते आणि न्याय मिळाल्याचे समाधान काही काळ तरी नातेवाईकांना लाभते. मात्र ज्या कपाटातून ते इंजेक्शन काढले गेले, ते कपाट तसेच राहते. सारख्या दिसणाऱ्या दोन कुप्या त्यात शेजारी-शेजारीच असतात आणि रात्रपाळीला दुसरी परिचारिका त्याच कपाटापुढे येऊन उभी राहते.

औषधोपचारातील चुका हा जगभरातील आरोग्यसेवेपुढचा गंभीर प्रश्न आहे. अशा चुकांमुळे दरवर्षी सुमारे ४२ अब्ज डॉलरचा भुर्दंड पडतो, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. जगाच्या एकूण आरोग्यखर्चाच्या जवळपास एक टक्का एवढी ही रक्कम होते. २०१७ मध्ये संघटनेने या प्रश्नावर जागतिक मोहीम हाती घेतली आणि औषधांमुळे होणारी टाळता येण्याजोगी गंभीर हानी पाच वर्षांत निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट ठेवले. २०२२ च्या जागतिक रुग्णसुरक्षा दिनाचा, म्हणजे १७ सप्टेंबरचा विषयही हाच होता. या साऱ्या प्रयत्नांमागे एक साधा विचार आहे. माणूस चुकणारच, हे गृहीत धरून त्याची चूक रुग्णापर्यंत पोहोचणार नाही अशी व्यवस्था उभारली पाहिजे.

साखळी आणि तिचे दुवे

रुग्णालयात औषध एका हातातून थेट रुग्णाच्या तोंडी जात नाही. डॉक्टर ते केसपेपरवर लिहितात. परिचारिका ते औषधांच्या तक्त्यावर उतरवून घेते. औषधनिर्माता ते काढून देतो. परिचारिका मात्रा मोजून ते रुग्णाला देते आणि त्यानंतर त्याचा परिणाम काय होतो यावर लक्ष ठेवले जाते. असे हे पाच दुवे आहेत आणि प्रत्येक दुव्यावर चूक होऊ शकते.

कोणत्या दुव्यावर किती चुका होतात, याचा सर्वांत गाजलेला अभ्यास अमेरिकेतील बॉस्टन शहराच्या दोन मोठ्या रुग्णालयांत झाला. तो १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात आढळलेल्या गंभीर चुकांपैकी ३९ टक्के चुका डॉक्टरांनी औषध लिहिताना, तर ३८ टक्के चुका परिचारिकांनी औषध देताना झाल्या होत्या. उरलेल्या चुका उतरवून घेण्याच्या आणि औषध काढून देण्याच्या टप्प्यांवर जवळपास सारख्या विभागल्या गेल्या होत्या. वरवर पाहता डॉक्टर आणि परिचारिका यांचा वाटा सारखाच दिसतो. परंतु याच अभ्यासातील दुसरा आकडा अधिक बोलका आहे. डॉक्टरांच्या लिहिण्यातील ४८ टक्के चुका रुग्णापर्यंत पोहोचण्याआधीच पकडल्या गेल्या, तर औषध देतानाच्या चुकांपैकी पकडल्या गेल्या अवघ्या २ टक्के.

याचे कारण उघड आहे. डॉक्टरांच्या मागे औषधनिर्माता असतो, परिचारिका असते. खाटेपाशी उभ्या असलेल्या परिचारिकेच्या मागे कोणीच नसते. तिची चूक पकडणारा पुढचा दुवाच नाही. त्यामुळे सर्वाधिक दोष तिच्या माथी येतो, कारण मागच्या दुव्यांवरून निसटलेली चूकही अखेर तिच्याच हातून रुग्णापर्यंत जाते.

अक्षर आणि शून्य

पहिला दुवा अर्थातच लेखणीचा. डॉक्टरांचे अक्षर हा आपल्याकडे विनोदाचा विषय असला तरी औषधाच्या बाबतीत तो विनोद परवडणारा नाही. भारतीय वैद्यक परिषदेने २०१६ मध्ये आपल्या आचारसंहितेत दुरुस्ती करून औषधाचे मूळ नाव सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहिण्याची सूचना केली. पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने तर २०२५ मध्ये वाचता येईल असे प्रिस्क्रिप्शन मिळणे हा रुग्णाचा मूलभूत अधिकार असल्याचे म्हटले.

अक्षर चांगले असले तरी धोका संपत नाही. एक मिलिग्रॅम लिहिताना कोणी '१.०' असे लिहिले आणि दशांश चिन्ह पुसट उमटले, तर वाचणाऱ्याला ते दहा दिसते. अर्धा मिलिग्रॅम लिहिताना आधीचे शून्य गाळून केवळ '.५' लिहिले, तर त्याचे पाच होतात. म्हणजे दोन्हीकडे दसपट मात्रा. 'युनिट' या शब्दाऐवजी घाईत काढलेला इंग्रजी 'यू' शून्यासारखा दिसतो आणि इन्सुलिनचे ४ युनिट ४० होतात. म्हणून दशांशानंतर निरर्थक शून्य लिहू नये, दशांशापूर्वी शून्य अवश्य लिहावे आणि 'युनिट' हा शब्द पूर्ण लिहावा, असे नियम जगभरातील चांगल्या रुग्णालयांनी घालून घेतले आहेत. या नियमांसाठी रुपयाचाही खर्च येत नाही.

नावात काय आहे?

औषधांच्या बाबतीत नावात पुष्कळ काही आहे. हजारो ब्रँड बाजारात असलेल्या आपल्या देशात नामसाधर्म्याचा धोका मोठा आहे. मेंदूच्या हिवतापावरील दोन कंपन्यांच्या 'फाल्सिगो' आणि 'फाल्सिटॅब' या औषधांच्या नावांवरून झालेला वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. २००१ च्या निकालात न्यायालयाने म्हटले की, अन्य वस्तूंच्या नावांत गोंधळ झाला तर ग्राहकाची गैरसोय होते, औषधांच्या नावांत झाला तर जीव जाऊ शकतो. त्यामुळे औषधांच्या नावांना अधिक कठोर कसोटी लावायला हवी. २०१९ मध्ये औषध नियमांत दुरुस्ती झाली आणि आपल्या ब्रँडचे नाव बाजारातील दुसऱ्या औषधाच्या नावाशी गोंधळ होईल असे नाही, अशी हमी उत्पादकाकडून घेण्याची तरतूद करण्यात आली. तथापि आधीपासून रुळलेली सारखी नावे दुकानांत आणि वॉर्डांत आहेतच.

नावाच्या जोडीला रूपाचाही धोका असतो. याचे सर्वांत गाजलेले उदाहरण रक्त पातळ करणाऱ्या हेपॅरिनचे आहे. शिरेतील नळी तुंबू नये म्हणून नवजात बालकांसाठी वापरायच्या कुपीत दर मिलिलिटरला १० युनिट, तर प्रौढांच्या उपचारासाठीच्या कुपीत १०,००० युनिट औषध असे. दोन्ही कुप्या लहान आणि दोन्हींची लेबले निळ्या छटेची. २००६ मध्ये अमेरिकेतील इंडियानापोलिस येथील एका रुग्णालयात या घोटाळ्यातून तीन नवजात बालके दगावली. पुढच्याच वर्षी लॉस एंजेलिसमध्ये अभिनेते डेनिस क्वेड यांच्या जुळ्या बाळांना तशीच हजारपट मात्रा दिली गेली. ती बाळे वाचली. दोन वेगवेगळी शहरे, दोन वेगवेगळी रुग्णालये, वेगवेगळे कर्मचारी आणि चूक मात्र तीच. दोष केवळ हातांचा असता तर तीच चूक अशी हुबेहूब दुसऱ्या गावी घडली नसती. पुढे उत्पादक कंपनीने लेबलाचा रंग व रचना बदलली.

आपल्याकडची उदाहरणेही याहून वेगळी नाहीत. पोटॅशियम क्लोराईडचे तीव्र द्रावण सलाईनमध्ये मिसळून सावकाश द्यायचे असते. थेट शिरेत गेल्यास हृदय बंद पडू शकते. आपल्याकडे हे द्रावण दहा मिलिलिटरच्या छोट्या कुपीत येते आणि इंजेक्शनची पावडर विरघळविण्यासाठी लागणारे निर्जंतुक पाणीही तशाच छोट्या कुपीत येते. मध्यरात्री, अपुऱ्या प्रकाशात, एकाच ट्रेमध्ये या दोन्ही कुप्या ठेवणे म्हणजे अपघाताला आमंत्रण देणेच होय. यावरचा उपाय साधा आहे. तीव्र पोटॅशियम सर्वसाधारण वॉर्डाच्या कपाटात ठेवूच नये, ते अतिदक्षता विभागात वा औषधभांडारात कुलपात आणि वेगळ्या लेबलाखाली ठेवावे आणि देण्यापूर्वी दोघांनी तपासावे.

इन्सुलिनची गोष्ट तर घरोघरची. भारतात ते दर मिलिलिटरला ४० युनिट आणि १०० युनिट अशा दोन तीव्रतांत मिळते. त्यासाठी सिरिंजही वेगवेगळ्या असतात. ४० च्या सिरिंजचे टोपण लाल, १०० च्या सिरिंजचे नारिंगी. १०० तीव्रतेचे इन्सुलिन चुकून लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये २० च्या खुणेपर्यंत भरले, तर रुग्णाच्या शरीरात २० नव्हे, ५० युनिट जातात. अशी अडीचपट मात्रा गेल्यास रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरून रुग्ण बेशुद्ध होऊ शकतो. ही चूक वॉर्डात होते तशीच घरातही होते.

एक परिचारिका, किती रुग्ण?

औषध देताना पाच गोष्टी तपासाव्यात, हे परिचर्येच्या पहिल्या वर्षापासून शिकविले जाते. योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग आणि योग्य वेळ. हा धडा सर्वांनाच पाठ असतो. प्रश्न तो पाळायला लागणाऱ्या वेळेचा आहे.

भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषानुसार शिक्षण देणाऱ्या रुग्णालयांच्या सर्वसाधारण वॉर्डात तीन रुग्णांमागे एक, तर अन्य रुग्णालयांत पाच रुग्णांमागे एक परिचारिका असायला हवी. सरकारी रुग्णालयाच्या वॉर्डात रात्री एखादा फेरफटका मारला तरी निकष आणि वास्तव यांतील अंतर लक्षात येते. त्यातच फोन वाजतो, नातेवाईक सलाईन संपल्याचे सांगत येतात, नवा रुग्ण दाखल होतो. ऑस्ट्रेलियातील सिडनी येथील दोन रुग्णालयांत ९८ परिचारिकांच्या कामाचे निरीक्षण करून २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, औषध देताना आलेल्या प्रत्येक व्यत्ययागणिक औषधोपचारातील चुकांचे प्रमाण सुमारे १२.७ टक्क्यांनी वाढत असल्याचे दिसले. या कारणास्तव काही देशांत औषधवाटपाच्या वेळी परिचारिका 'व्यत्यय आणू नये' असे लिहिलेले जाकीट घालतात. आपल्याकडे निदान औषधवाटपाच्या वेळेत तिला दुसरे काम सांगायचे नाही, एवढी शिस्त तरी प्रत्येक वॉर्डाला लावून घेता येईल.

औषधांवर देखरेख ठेवणारा माणूसही वॉर्डात हवा. रुग्णालयातील औषधनिर्माता बहुधा खिडकीमागे बसून औषधे मोजून देतो. डॉक्टरांबरोबर फेरीला जाऊन मात्रा, औषधांची परस्परांवरील क्रिया आणि मूत्रपिंडाच्या क्षमतेनुसार लागणारे बदल तपासणारा औषधनिर्माता आपल्याकडे विरळाच. त्यासाठीचा 'फार्म डी' हा सहा वर्षांचा अभ्यासक्रम देशात २००८ मध्ये सुरू झाला. या पदवीधरांना रुग्णालयांनी वॉर्डात स्थान दिले तर साखळीत चूक पकडणारा एक नवा दुवा तयार होईल.

खाटेपाशी चूक नसतानाही...

सारी साखळी नीट चालली तरी औषधच खोटे असेल तर काय? मुंबईने याचा अनुभव १९८६ मध्ये घेतला. जे. जे. रुग्णालयात रुग्णांना दिलेल्या ग्लिसरॉलमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल हे औद्योगिक वापराचे विषारी रसायन मिसळलेले होते. १४ रुग्णांचा बळी गेला. डॉक्टरांनी औषध योग्य लिहिले होते आणि परिचारिकांनी ते लिहिल्याप्रमाणे दिले होते. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने औषधखरेदी, तपासणी आणि प्रशासन यांतील दोष चव्हाट्यावर आणले. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या औषधाने वीसहून अधिक बालके दगावली. त्यांपैकी अनेकांवर नागपुरात उपचार झाले होते. त्या औषधात आढळलेले विषही तेच, डायइथिलीन ग्लायकॉल. जवळपास चाळीस वर्षांच्या अंतराने त्याच विषाने बळी घ्यावेत, यातून पहिल्या घटनेपासून व्यवस्था किती शिकली याचा अंदाज यावा.

शिक्षा हवी, पण कशाची?

चूक करणाऱ्याला काहीच शिक्षा नको, असा याचा अर्थ नाही. नशेत कामावर येणे, औषध न देताच दिल्याची नोंद करणे, झालेली चूक लपविण्यासाठी कागदपत्रे बदलणे यांना माफी असता कामा नये. परंतु थकलेल्या माणसाने सारख्या दिसणाऱ्या दोन कुप्यांत गल्लत केली, तर त्याला तुरुंगात पाठविल्याने कुप्या वेगळ्या दिसू लागत नाहीत.

येथे कायद्याची एक विसंगतीही लक्षात घ्यायला हवी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ नुसार निष्काळजीपणामुळे मृत्यू घडल्यास पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाच्या हातून वैद्यकीय प्रक्रियेदरम्यान असे घडल्यास ही मर्यादा दोन वर्षांची आहे. मात्र या सवलतीच्या व्याख्येत वैद्यकीय पदवीधर डॉक्टरच येतात, परिचारिका नव्हे. म्हणजे साखळीच्या ज्या दुव्यामागे चूक पकडणारे कोणी नाही, त्याच दुव्याला कायद्याचा धाक सर्वांत मोठा आहे.

या धाकाचा परिणाम अपेक्षेच्या उलट होतो. चूक कोणी सांगतच नाही. रुग्णाला इजा झाली नाही, थोडक्यात निभावले, तर ती घटना पाळीबरोबर संपते. वास्तविक थोडक्यात टळलेल्या चुका हीच शिकण्याची सर्वांत स्वस्त संधी असते. विमानवाहतुकीने हे फार पूर्वी ओळखले. अमेरिकेत १९७६ पासून वैमानिकांना आपल्या चुका गोपनीयरीत्या कळविता येतात आणि त्या अहवालांचे काम 'नासा'कडे आहे. १९९९ मध्ये अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने तेथील रुग्णालयांत वैद्यकीय चुकांमुळे वर्षाला ४४ हजार ते ९८ हजार मृत्यू होत असल्याचा अंदाज जाहीर केला, तेव्हा त्या अहवालानेही व्यक्तीला दोष देण्याऐवजी व्यवस्था सुधारण्यावर भर दिला होता.

आपल्याकडे पायाभरणी झाली आहे. रुग्णालयांना गुणवत्तेचे प्रमाणपत्र देणाऱ्या 'एनएबीएच' या मंडळाच्या मानकांत औषध व्यवस्थापनाला स्वतंत्र प्रकरण आहे. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० पासून सुरू असून त्याचे केंद्र गाझियाबाद येथील भारतीय औषधसंहिता आयोगात आहे. १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर सामान्य नागरिकही दुष्परिणाम कळवू शकतात आणि त्यासाठीचा अर्ज मराठीतही उपलब्ध आहे. २०१८ ते २०२५ या काळासाठी केंद्राने राष्ट्रीय रुग्णसुरक्षा आराखडाही आखला होता. आता गरज आहे ती प्रत्येक रुग्णालयात नाव न घेता चूक नोंदविता येईल अशा वहीची आणि ती वही दर महिन्याला वाचून कपाटाची रचना बदलणाऱ्या समितीची.

रुग्ण व नातेवाईकांनी काय करावे?

साखळीचा शेवटचा दुवा खुद्द रुग्ण आणि त्याची काळजी घेणारा नातेवाईक हा आहे. वॉर्डातील अविश्वास वाढविणे हा त्याचा हेतू नसावा. पण पुढील काही गोष्टी त्याने अवश्य कराव्यात.

● दाखल होताना घरी चालू असलेली सर्व औषधे, आयुर्वेदिक व होमिओपॅथिकसह, पाकिटांसकट घेऊन जावीत. ॲलर्जी असल्यास ती केसपेपरवर लिहून घ्यायला सांगावे.

● औषध देण्यापूर्वी रुग्णाचे पूर्ण नाव विचारले गेले नाही, तर आपणहून सांगावे. एकाच वॉर्डात एकाच आडनावाचे दोन रुग्ण असणे नवलाचे नाही.

● नेहमीपेक्षा वेगळ्या रंगाची वा आकाराची गोळी आली तर 'सिस्टर, ही कशाची गोळी?' असे नम्रपणे विचारावे. अशा एका प्रश्नाने अनेक चुका टळू शकतात.

● दोन डॉक्टरांची औषधे चालू असतील तर दोन्ही कागद एकमेकांना दाखवावेत. क्रोसिन, कॅल्पॉल आणि डोलो ही तीन नावे असली तरी आतले औषध एकच, पॅरासिटामॉल. प्रौढांनीही दिवसभरात त्याची चार ग्रॅमची मर्यादा ओलांडू नये.

● घरी जाताना डिस्चार्ज कार्डावरील प्रत्येक औषध कशासाठी, किती वेळा आणि किती दिवस, हे विचारून घ्यावे. संधिवातावरील मेथोट्रेक्झेट आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. ते चुकून रोज घेतल्याने जगभर रुग्ण दगावले आहेत. अशा औषधाचा वार कार्डावर लिहून घ्यावा.

● परिचारिका औषधे मोजत असताना तिच्याशी बोलू नये. आपली तक्रार कितीही रास्त असली तरी ती पाच मिनिटांनी सांगता येते.

औषधे नवी येतील, महागही होतील. पण ती सुरक्षितपणे रुग्णापर्यंत पोहोचविण्यासाठी लागणाऱ्या बहुतांश गोष्टी स्वस्त आहेत. सुवाच्य अक्षर, वेगळे कपाट, दुसऱ्या माणसाची नजर, पुरेसे मनुष्यबळ आणि चूक सांगण्याची मोकळीक. यांपैकी खर्चिक म्हणावे असे फक्त मनुष्यबळ. पुढच्या वेळी चुकीच्या इंजेक्शनाची बातमी येईल तेव्हा कोणाला निलंबित केले, एवढेच विचारून थांबू नये. ते कपाट बदलले का, हेही विचारायला हवे.